गाडीवर रस्ता दाखवणारं यंत्र घेताना

आम्ही दोघी नणंद-भावजय, वाई तालुक्यातल्या. आम्ही घरी मसाले करतो आणि पाचगणी, महाबळेश्वर, मेढा या बाजूच्या दुकानांत मोटरसायकलवरून पोचवतो. एक जण चालवते, दुसरी मागं पिशव्या सांभाळत बसते. पहिल्या वर्षी लोक वळून वळून बघायचे, आता बघत नाहीत. आज आम्ही बोलणार आहोत ते गाडीवर रस्ता दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणजे जीपीएसबद्दल. कोणतं घ्यावं, आणि घेण्याआधी काय तपासावं.

हे आम्हाला दुकानदारानं शिकवलं नाही, एका संध्याकाळनं शिकवलं. जून महिना होता. आमच्यातल्या एकीची आई, म्हणजे दुसरीची सासू, भावाकडे महाडला गेली होती. दुपारी मामांचा फोन आला. आईंच्या पोटात एकाएकी कळा सुरू झाल्या, आतड्याला पीळ पडलाय, आज रात्रीच ऑपरेशन करावं लागेल. घरातले पुरुष बाहेरगावी होते. एसटी निघून गेली होती. चार वाजता आम्ही रेनकोट चढवले आणि निघालो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरायचा, पोलादपूरला लागायचं आणि तिथून महाड. सातपर्यंत पोचू असा अंदाज होता.

फोन हॅन्डलला लावला होता, प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत. महाबळेश्वर सोडल्यावर धुकं दाटलं. पिशवीला आतून वाफ धरली. ओलं बोट लावलं तर पडदा भलतंच काही उघडायचा. असंच करता करता नकाशा बंद पडला. पुन्हा उघडला तोवर नेटवर्क गेलं होतं. पडद्यावर निळा ठिपका दिसत होता, पण त्याच्याभोवती रस्ताच नव्हता, नुसती करडी पाटी. वाडा कुंभरोशीला रस्त्याला फाटा फुटतो. धुक्यात आम्ही चुकीच्या फाट्याला लागलो आणि थेट प्रतापगडाच्या पायथ्याशी, गाड्या लावायच्या जागेवर जाऊन थांबलो. मागं फिरलो तेव्हा अंधार पडला होता, फोनची बॅटरीही संपली होती. एका चहाच्या टपरीवरच्या मावशींनी बाहेर येऊन बॅटरीच्या उजेडात पोलादपूरचा रस्ता दाखवला.

आम्ही महाडला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. डॉक्टरांनी आठपर्यंत वाट पाहिली होती. त्याहून थांबणं धोक्याचं होतं. आई आत जाईपर्यंत दाराकडं बघत होत्या, असं मामी म्हणाल्या. ऑपरेशन नीट झालं, आई आज ठणठणीत आहेत. पण त्या रात्री बाकावर बसून आम्ही दोघी एकच विचार करत होतो, की परत भेट झाली नसती तर?

त्यानंतर आम्ही विचारपूस सुरू केली. पहिली गोष्ट कळली ती ही, की नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस गेलं, हा आपला गैरसमज आहे. जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरतात. निदान चार उपग्रहांचा संदेश मिळाला की यंत्राला आपली जागा काढता येते. त्याला ना सिमकार्ड लागतं, ना टॉवर. म्हणून तर त्या दिवशी ठिपका दिसत होता. नव्हता तो नकाशा, कारण तो नेटवरून येत होता. ठिपका आकाशातून येतो, रस्ता मात्र आपल्यालाच आधी भरून ठेवावा लागतो. एवढं कळलं की निम्मी निवड झाली म्हणून समजा.

आता बाजारात काय मिळतं ते सांगतो. पहिला प्रकार, खास मोटरसायकलसाठी बनवलेलं यंत्र. गार्मिन कंपनीचं झुमो हे त्यातलं ओळखीचं नाव. नकाशा त्याच्या पोटातच असतो, पडदा उन्हात दिसतो, हातमोजे घालून चालवता येतो, पाऊस सोसतो. पण किंमत एखाद्या जुन्या स्कूटरच्या किमतीला जाऊन भिडते. लडाखला निघालेल्यांना किंवा रोज शेकडो किलोमीटर गाडी चालवणाऱ्यांना ते परवडेल. आम्हाला नाही परवडलं.

दुसरा प्रकार, गाडीतच बसवलेला छोटा पडदा. टीव्हीएसच्या एनटॉर्क स्कूटरवर तो २०१८ साली आला, रॉयल एनफिल्डनं २०२० साली मीटिअरवर ट्रिपर नावानं दिला. तो फोनला ब्लूटूथनं जोडायचा. पडद्यावर डावीकडं वळा, उजवीकडं वळा, किती अंतर राहिलं, एवढंच दिसतं. फोन खिशात कोरडा राहतो आणि नजरही फार वेळ रस्त्यावरून हटत नाही. मात्र डोकं फोनचंच असतं. फोनची बॅटरी संपली की तो पडदाही गप्प. नवी गाडी घेणाऱ्या मैत्रिणींनी ही सोय बघावी, पण जुनी गाडी केवळ त्यासाठी बदलू नये.

तिसरा प्रकार, आपला फोनच. आम्ही शेवटी याच वाटेनं गेलो, पण रोजचा फोन नाही वापरला. घरात पडून असलेला जुना फोन काढला. सिमकार्ड नसलं तरी त्यातलं जीपीएस चालतं. त्यात सातारा आणि रायगड या दोन्ही जिल्ह्यांचे नकाशे घरच्या वायफायवर उतरवून घेतले. बोलायचा फोन खिशात, भरलेल्या बॅटरीनिशी. एक बिघडला तरी दुसरा आहे.

काहीही घ्या, पण या पाच गोष्टी तपासा.

पहिली, नेट बंद करून बघा. फोन विमान मोडवर टाका आणि एखाद्या गावाचा रस्ता विचारा. रस्ता आखला तर ठीक, नाही तर नकाशा भरलेला नाही. हा नकाशा अधूनमधून ताजा करावा लागतो. नेटशिवाय पुढची वाहतूक किती आहे ते कळत नाही, पण वाट कळते. आणखी एक, यंत्र घरूनच सुरू करून निघा. नेटवर्क नसताना मध्येच सुरू केलं तर जागा सापडायला वेळ लागतो.

दुसरी, ऊन. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच पडदे छान दिसतात. दुकानदाराला सांगून बाहेर उन्हात धरा. फोन तापला की पडदा आपोआप मंद होतो, आणि चार्जिंगला लावून उन्हात ठेवला की जास्तच तापतो.

तिसरी, पाणी. खोक्यावर आयपी ६७ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ, धूळ आत जात नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास निभावतं. पण एकदा उघडून दुरुस्त केलेल्या फोनवर ही भिस्त ठेवू नका. आणि ओल्या फोनला चार्जर लावू नका. ओल्या बोटांनी पडदा चालतो का, तेही घरी पाणी शिंपडून बघा.

चौथी, हादरे. मोटरसायकलचे इंजिन सतत थरथरतं. अॅपल कंपनीनं २०२१ साली जाहीर सूचनाच दिली, की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन थेट लावला तर त्याच्या कॅमेऱ्याचं नुकसान होऊ शकतं. होल्डर घेताना खाली रबरी डॅम्पर असलेला घ्या. जुना फोन वापरण्यामागं आमचं हेही एक कारण आहे, त्याचा कॅमेरा गेला तरी रडू येणार नाही.

पाचवी, वीज. गाडीच्या बॅटरीवरून यूएसबी चार्जर बसवता येतो. गॅरेजमध्ये सांगा, की गाडीची किल्ली बंद केली की चार्जरही बंद व्हायला हवा. नाही तर सकाळी गाडीची बॅटरी उतरलेली सापडेल.

होल्डर, डॅम्पर आणि चार्जर मिळून आमचे दीड हजारांच्या आसपास गेले.

कायद्याचंही सांगतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. म्हणून गाव निघण्याआधीच टाकायचं. मध्येच बदलायचं असेल तर गाडी कडेला घ्यायची. आमच्यात मागं बसलेली नकाशाकडं लक्ष ठेवते आणि वळणाआधी खांद्यावर थाप देते, डावं वळण तर डाव्या खांद्यावर. कानात काही घालावं लागत नाही.

आणि यंत्राचं सगळंच ऐकायचं नसतं. गुगल मॅप्सनं २०१७ साली भारतात दुचाकीसाठी वेगळी सोय काढली, तिच्यातून जवळच्या वाटा सापडतात. पण पावसाळ्यात जवळची वाट चिखलाची असू शकते. घाटाच्या भिंतींमध्ये ठिपकाही कधीकधी बाजूला उडी मारतो, कारण डोंगराआड काही उपग्रह लपतात. म्हणून वाटेतल्या गावांची नावं आम्ही ओळीनं एका कागदावर लिहून खिशात ठेवतो. पाटी आणि कागद जुळले की निर्धास्त. नाही जुळले तर थांबून विचारायचं, रात्री शक्यतो टपरीवरच्या किंवा घराच्या अंगणातल्या बाईला.

दिवाळीनंतर आम्ही मुद्दाम त्याच वाटेनं महाडला गेलो. वाडा कुंभरोशीला नेटवर्क नव्हतंच. गाडी थांबवून पडद्याकडं बघितलं. निळा ठिपका होता आणि या वेळी त्याच्या खाली रस्ताही होता. त्या मावशींच्या टपरीवर चहा घेतला, त्यांना मसाल्याचं पाकीट दिलं आणि पुढं निघालो.

आता आम्ही कुठंही निघालो की आई दारातून विचारतात, "नकाशा भरून घेतला का गं?" डबा भरून घेतला का, असं विचारावं तसं. मैत्रिणींनो, तुम्हीही निघण्याआधी एवढं विचारा. हेल्मेट दोघींनीही घाला आणि सावकाश जा.