इंजिनाचा उच्छ्वास

इंजिनाच्या श्वासाची काळजी प्रत्येक मोटारमालक घेतो. पेट्रोल शुद्ध आहे कीं नाहीं, कार्बुरेटर स्वच्छ आहे कीं नाहीं, हें तो नित्य पाहतो. पण जळून गेलेला वायु बाहेर कोणत्या वाटेनें जातो, याची चौकशी ती वाट फुटूं लागल्याखेरीज सहसा कोणी करीत नाहीं. आज या उच्छ्वासाचाच विचार करावयाचा आहे. उदाहरणादाखल मी टोयोटा लॅन्ड क्रूझरची चाळीस मालिका घेतों.

ही चारी चाकांना जोर पोंचविणारी गाडी १९६० सालीं निघाली आणि १९८४ पर्यंत तयार होत राहिली. तिच्या आधींच्या मालिकेंतील गाड्या ऑस्ट्रेलियांतील स्नोई पर्वताच्या जलविद्युत् योजनेवर राबल्या होत्या. तिचें पेट्रोल इंजिन एका ओळींतल्या सहा सिलिंडरांचें. प्रथम सुमारें ३.९ लिटरचें व १९७५ पासून ४.२ लिटरचें. सहाही सिलिंडरांचा धूर एका जड बिडाच्या मॅनिफोल्डांत गोळा होतो. वर्षानुवर्षें तापून व थंड होऊन हें बीड वांकतें, कधीं तडकतें. मग मालक त्याच्या जागीं पोलादी नळ्यांचा हेडर बसवावयास निघतो.

हेडरांत तथ्य आहे काय? आहे, पण तें समजून घेतलें पाहिजे. या इंजिनांत सिलिंडर १, ५, ३, ६, २, ४ या क्रमानें पेटतात. पहिल्या तिघांचा एक गट व मागल्या तिघांचा दुसरा गट केला, तर दोन्ही गटांच्या पाळ्या आळीपाळीनें येतात. प्रत्येक गटांत दर २४० अंशांवर एकच धक्का. त्यामुळें एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेंत फारसा येत नाहीं. चांगला हेडर हेंच साधतो. मात्र नळी जितकी रुंद तितकी शक्ति अधिक, ही समजूत खोटी आहे. नळी फाजील रुंद झाली कीं वायूचा वेग मंदावतो, आणि हळू फिरणाऱ्या इंजिनाची ओढ उणावते. चढावर व चिखलांत तर याच ओढीचें काम असतें.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. या इंजिनांत हवा आंत नेणारा मॅनिफोल्ड व धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड एकाच बाजूस शेजारीं शेजारीं असतात, आणि एकच जाड वॉशर दोघांच्याही कडा दाबून धरतो. हेडरची पट्टी जुन्या बिडापेक्षां पातळ असली, तर तो वॉशर एकीकडे टेंकतो आणि दुसरीकडे फट राहते. हवेच्या बाजूस फट राहिली तर इंजिन अडखळतें. धुराच्या बाजूस राहिली तर टकटक आवाज येतो. म्हणून दोन्ही कडांची जाडी आधीं मोजावी, अंतर असल्यास पायरीचा वॉशर करून घ्यावा, सपाटी पट्टीनें तपासावी, नवें गॅस्केट घालावें, आणि मधल्या नटापासून टोंकांकडे थोडें थोडें आवळीत जावें. कांहीं वेळां इंजिन तापून निवल्यावर पाना पुन्हां फिरवावा. शिवाय जुन्या बिडाची ऊब वरच्या मॅनिफोल्डांतील पेट्रोलाची वाफ करीत असे. ती गेल्यावर थंड प्रदेशांत इंजिन सकाळीं कुरकुरतें. तेथें गरम पाण्यानें तापणारी पट्टी बसवावी लागते.

आतां आधाराचा प्रश्न. पुष्कळ हेडर फुटतात ते वाईट बनावटीनें नव्हे, तर मागच्या नळीचें ओझें त्यांच्या गळ्यांत पडल्यानें. इंजिन रबरावर बसलेलें असतें. जोर येतांच तें डोलतें. चॅसी खडकांवर पिळवटते. दोघांस ताठ नळीनें बांधलें तर मध्येंच सांधा तुटणार, हें उघड आहे. म्हणून पहिला आधार गिअरबॉक्सकडून, इंजिनाबरोबर हलणारा असावा. त्यामागें एक लवचिक सांधा असावा. आणि तेथून पुढें सायलेन्सर व शेंपटाची नळी चॅसीला रबरी टांगण्यांनी लटकवावी. उष्णतेचेंही गणित आहे: दोन मीटर पोलादी नळी ३०० अंश सेल्सिअसनें अधिक तापली तर सुमारें सात मिलिमीटर लांबते. तिला सरकावयास जागा हवी. आंस वर उचलला गेल्यावर तो नळीला भिडतो कां, पेट्रोलची नळी व ब्रेकचें रबर हेडरपासून दूर आहे कां, हें गाडीखालीं निजून डोळ्यांनी पाहावें.

हा सारा खटाटोप केवळ शक्तीसाठीं नाहीं. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिन त्यास प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट धरतें. चालत्या गाडीच्या पाठीमागें हवेचा दाब कमी होतो. शेंपटाची नळी आंखूड राहिली, तर तोच वायु मागील दाराच्या फटींतून आंत ओढला जातो. मागें बसलेलीं मुलें पेंगूं लागतात, आणि प्रवासाचा शीण म्हणून कोणी लक्ष देत नाहीं. म्हणून नळीचें तोंड गाडीच्या कडेबाहेर काढावें, फाटलेले दारांचे रबर बदलावे, आणि डोकें जड झाल्यास गाडी थांबवून तत्काळ मोकळ्या हवेंत यावें.

जुना मॅनिफोल्ड शाबूत असेल आणि गाडी शांतपणें काम देत असेल, तर तो काढूं नये, असेंच माझें मत आहे. पण तो तडकला असेल, तर हेडर बसवितांना जितका विचार हेडरचा करावा तितकाच त्यामागील टांगण्यांचा करावा. नळी दुकानांतून विकत मिळते. आधार मात्र प्रत्येक गाडीपुरता मोजून घडवावा लागतो.