पहाटेची कोर

मुसलमान आणि चंद्र म्हटलं, की लोकांना ईदचा चाँद आठवतो, नाहीतर निशाणावरची चंद्रकोर. निशाणावरची कोर उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यामुळे जगभर पोचली. धर्मग्रंथाशी तिचा संबंध नाही. उलट, सूर्याला किंवा चंद्राला सजदा करू नका, ज्यानं त्यांना घडवलं त्याला करा, असं कुराणात स्पष्ट सांगितलं आहे. त्यामुळे माझ्या कविता वाचून ‘तुम्ही चंद्राचे भक्त दिसता’ असं कुणी म्हणालं, की मी जरा सावध होतो. रोज चंद्र पाहणं हा माझ्या उपासनेचा भाग आहे, हे मात्र खरं.

नवा चंद्र दिसल्यावर आमच्याकडे एक दुआ म्हणतात. तुझा आणि माझा मालक एकच आहे, असं तीत चक्क चंद्रालाच सांगितलेलं असतं. ही बरोबरीची भाषा मला फार आवडते. चंद्र देव नाही, पण परकाही नाही. एकाच धन्याच्या घरातले आपण दोघं.

मला ही सवय लागली ती अम्मीमुळे. अब्बा गेले आणि ती इद्दतला बसली. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची, आणि हे महिने चंद्राचे. आमच्या अंगणाच्या पश्चिमेला शेजाऱ्यांची उंच भिंत. तिला कोर दिसायची नाही. मगरिबची नमाज झाली, की मी माडीवर जायचा आणि खाली येऊन सांगायचा. एकोणतिसाव्या दिवशी नाही दिसली, तर महिना तीसचा धरायचा. अम्मी कॅलेंडरकडे बघतसुद्धा नसे. ‘दिखा क्या रे?’ एवढंच विचारायची. ‘दिखा’ म्हटलं, की पदर सावरून दुआ म्हणायची. त्या चार महिन्यांत तिला रडताना मी फारसं पाहिलं नाही, मोजताना पाहिलं. इद्दत संपली, माझं माडीवर जाणं राहिलं ते राहिलंच.

रोज पाहायचं ठरवलं, की वेळ मात्र चंद्राची पाळावी लागते. तो दररोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पहिला पंधरवडा सोपा असतो. मगरिबनंतर बाहेर आलं, की तो आकाशात असतोच. आधी पश्चिमेला, अष्टमीच्या सुमारास डोक्यावर आणि पौर्णिमेला थेट पूर्वेला. तेरा, चौदा, पंधरा या तारखांना काहीजण नफिल रोजे ठेवतात. मलाही जमतील तेव्हा मी ठेवतो.

खरी कसोटी वद्यात. संध्याकाळी आकाश रिकामं. वद्य चतुर्थीला शेजारच्या काकू संकष्टीचा उपास सोडायला गच्चीवर येतात, तोवर रात्रीचे नऊ-साडेनऊ होतात. पावसाळ्यात त्या विचारतात, ‘भाऊ, तुम्हाला तरी दिसला का हो?’ दिसलेला नसतो. मग त्या दिनदर्शिकेतली चंद्रोदयाची वेळ बघतात आणि ढगांच्या दिशेनंच हात जोडतात. आमच्याकडे ढग आले, की चंद्र समितीच्या निरोपाची वाट, फोनवर फोन, आणि क्वचित एकाच शहरात दोन ईदा. त्या वादात मी पडत नाही. गणितानं चंद्र अगोदर सांगता येतो, हे मलाही कळतं. २०२३ साली चांद्रयान तिथं उतरलं, ते काही अंदाजानं नव्हे. पण अम्मीला हवा होता तो डोळ्यांनी पाहिलेला.

वद्याच्या शेवटी चंद्र गाठायचा, तर फजरच्या आधी उठावं लागतं. महिना संपायला दोन-तीन दिवस उरले, की पूर्वेला, उजाडण्याच्या जरा आधी, एक बारीक कोर दिसते. ईदच्या कोरीएवढीच नाजूक, फक्त तिचं तोंड उलट्या दिशेला. तिच्यासाठी कुणी गच्चीवर जमत नाही, फटाके नाहीत, गळाभेट नाही. अजान होईपर्यंत ती तिथं असते. मग उजेड वाढतो आणि ती कधी दिसेनाशी झाली ते कळत नाही. मी वजू करायला खाली येतो.