गाडी कुणाच्या हाती द्यायची

सिद्धगडच्या पायथ्याचा मी, आयुष्यभर ट्रकच चालवला. बोलायला उभं केलंत, म्हणून आवडीचं सांगतो. फ्रान्समध्ये ल मान्सला २४ तासांची मोटारशर्यत असते. एका गाडीला तीन ड्रायव्हर, आळीपाळीने. सहा तासांत कुणालाही चार तासांहून जास्त चालवू देत नाहीत. २०१२ साली चेन्नईचा करुण चंढोक त्या शर्यतीत उतरला, आपल्या देशातला पहिलाच. डेव्हिड ब्रॅबहॅम आणि पीटर डम्ब्रेक जोडीला. गाडी सहावी आली.

आणि मी? रात्रभर एकट्याने टोमॅटो आणताना माळशेज घाटात डोळा लागला. गाडी कठड्याला घासली. शेजारी क्लीनर झोपलेला, आपल्याच वर्गमित्राचा मुलगा. पुढच्याच महिन्यात त्याचं लायसन्स काढायला घेतलं. आता ओतूर आलं की गाडी त्याच्या हाती.