ऑस्ट्रेलियास केव्हां जावें?

मे महिन्याच्या सुटींत ऑस्ट्रेलियास निघालेलें महाराष्ट्रीय कुटुंब पुष्कळदां सुती कपड्यांनिशीं मेलबोर्नला उतरतें आणि कुडकुडतें. तेथें ऋतुचक्र भारताच्या उलट फिरतें, हें भूगोलांत पाठ केलेलें असतें. पेटी भरतांना मात्र तें आठवत नाहीं!

परंतु सुमारें ७७ लक्ष चौरस किलोमीटरांच्या त्या भूमीवर सर्वत्र एकच ऋतु कसा असावा? विषुववृत्तापासून अवघ्या १२ अंशांवरील डार्विनला खरा हिवाळा नाहींच. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तेथें धुवांधार पाऊस आणि चक्रीवादळांची धास्ती. १९७४ च्या नाताळांत ‘ट्रेसी’ नामक वादळानें तें शहर जवळजवळ भुईसपाट केलें होतें. मे उजाडला कीं आकाश कोरडें, प्रसन्न होतें. मध्यभागच्या वाळवंटांत, उलुरूच्या तांबड्या खडकापाशीं, जानेवारींत पारा वारंवार ४० अंशांपलीकडे जातो आणि जुलैच्या रात्रीं शून्याजवळ उतरतो.

तेव्हां मे महिन्याची सुटी असणाऱ्यांनीं सरळ उत्तरेची वाट धरावी. दिवाळीची सुटी ज्यांच्या हातीं आहे, त्यांच्या वाट्यास दक्षिणेकडील वसंत येतो. तरीही मेलबोर्नला लोकरीची बंडी जवळ असूं द्यावी. सकाळचें ऊन तेथें दुपारीं टिकेलच असें नाहीं.