सील नवं, तरी ऑईल का गळलं?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत अवजार बँक सांभाळणाऱ्या ताईंनी केलेलं निवेदन. बोलणं शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलं आहे.)



मागच्या सभेत हिशोब वाचला तेव्हा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या खात्यात एकच काम दोनदा दिसलं. तुम्ही विचारलंत, एकाच दुखण्याला दोनदा पैसे कसे? रास्त विचारलंत. त्याचं उत्तर द्यायला उभी आहे.

जूनमध्ये आपला ट्रॅक्टर रोटाव्हेटरला जोर धरेना. इंजिन नुसतं ओरडायचं, पुढं रेटा नाही. म्हणजे क्लच घसरत होता. वाकून पाहिलं तर इंजिन आणि गिअर बॉक्स जिथं जोडलेत तिथून काळं ऑईल टपकत होतं. मिस्त्री म्हणाले, पाठीमागचं ऑईल सील गेलं.

हे सील काय असतं ते आधी सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. इंजिनच्या पोटात क्रँक फिरतो. त्याचं मागचं टोक बाहेर येतं, त्यावर फ्लायव्हील आणि त्याला लागून क्लच. क्रँक जिथून बाहेर येतो तिथं रबराची एक कडी असते. तिला आतून पातळ ओठ असतो, ओठाभोवती बारीक स्प्रिंग. तो ओठ फिरत्या क्रँकला टेकून ऑईल आत अडवतो. ओठ गेला की ऑईल क्लच प्लेटवर, आणि तेलकट प्लेट घसरणारच. सील स्वस्तच येतं हो, पण तिथवर पोचायला ट्रॅक्टर मधोमध तोडून दोन भाग करावे लागतात. क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवायचं. पैसा जातो तो या मजुरीत. म्हणून एकदा उघडलं की सगळं तिथंच बघून घ्यायचं. ते आम्ही केलं नाही.

घाई माझी होती, हे कबूल करते. पेरणीची नावं लागली होती. मी मिस्त्रींच्या मागं लागले की आजच द्या. त्यांनी जुनं सील उचकटलं, नवं ठोकलं, संध्याकाळी ट्रॅक्टर दिला. आठ दिवस बरा चालला. नवव्या दिवशी पुन्हा काळा थेंब.

मग तालुक्याला एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी आल्या आल्या पाना उचलला नाही. आधी इंजिन धुतलं, सुकवलं, चालू ठेवलं आणि वरून खाली बघत आले. कारण टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळलं तरी ऑईल मागून ओघळत खालीच येतं, आणि आपण नाव घेतो सीलचं. कधी गिअर बॉक्सच्या शाफ्टचं सील गळतं. ते ऑईल दाट असतं, वासही उग्र येतो. आपलं मात्र पातळ आणि काळं, म्हणजे इंजिनचंच.

नंतर त्यांनी चालू इंजिनचं ऑईल भरायचं झाकण उघडलं. भसाभसा वारा आला. मग ब्रीदरची नळी काढली. काय निघालं सांगू? माती. उन्हाळ्यात ट्रॅक्टर उभा होता तेव्हा कुंभारीण माशीनं नळीत घर केलं होतं.

तायांनो, कुकरची शिट्टी खरकट्यानं तुंबली तर वाफ रिंगेतून फुसफुसते. आपण रिंग बदलतो आणि शिट्टी तशीच ठेवतो, तसं झालं हे. इंजिनमधला दाब ब्रीदरमधून जायचा असतो. ती वाट बंद झाली की तो ऑईलला सीलमधून ढकलतो. नळी साफ असूनही वारा जोरात येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात असं समजायचं, मग दुखणं मोठं.

ट्रॅक्टर उघडला तेव्हा मी स्टूल घेऊन तिथंच बसले. दोन-चार जण हसले, हसू देत. मिस्त्रींनी माझं नख क्रँकवरून फिरवायला लावलं. जुन्या ओठानं तिथं चर पाडली होती, नख अडकत होतं. शेजारी एक ओरखडाही होता, पहिल्या वेळी उचकटताना पडलेला. नवा ओठ त्याच चरीवर बसला तर गळणारच. आपल्या इंजिनात जागा होती, म्हणून सील दीडेक मिलिमीटर आत सरकवून बसवलं. चर खोल असती तर क्रँकवर पातळ स्लीव्ह चढवावी लागली असती. क्रँक हलवूनही पाहिला. बेअरिंग सैल असेल तर कुठलंच सील टिकत नाही.

बसवताना स्प्रिंगची बाजू ऑईलकडं, ओठाला ऑईलचं बोट, आणि तिरकं होऊ न देता सगळीकडून हळूहळू. हातोडा थेट नाही, मध्ये लाकूड. पण काही नवी सीलं कोरडीच बसवायची असतात, तेव्हा डबीवरचं लिहिलेलं वाचा. फ्लायव्हीलचे बोल्ट समोरासमोरचे, टॉर्क पान्यानं आवळले. काही इंजिनांत या बोल्टची भोकं आरपार ऑईलपर्यंत जातात, तिथं बोल्टला सीलंट लावलं नाही तर गळती तिथूनच सुरू. भिजलेली क्लच प्लेट बदलली. धुऊन वापरू म्हटलं होतं मी, पण ऑईल प्यालेली प्लेट पुन्हा घसरते म्हणाले. ऑईल पट्टीवरच्या खुणेपर्यंतच भरलं, वर नाही.

क्लच हाउसिंगच्या तळाला एक बारीक भोक आहे, त्यात पिन असते. रोज सकाळी ड्रायव्हर ती हलवून खाली कागद धरतो आणि वहीत लिहितो. पिन चिखलानं बुजली तर ऑईल आतच साठतं आणि कळत नाही. आजच्या सकाळपर्यंत कागद कोरडा आहे.

आता राहिलं एक. ट्रॅक्टर दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा आपल्या गटातल्या एका मावशींचा वाफसा चालला होता. त्यांनी बाहेरचा ट्रॅक्टर दुप्पट भाड्यानं आणला. मला त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या भाड्यातला फरक अवजार बँकेनं द्यावा, आणि दुसऱ्या मजुरीतला निम्मा भाग माझ्या मानधनातून चार हप्त्यांत कापावा, असे दोन ठराव मांडते. हात वर करण्याआधी वही बघून घ्या, ती अध्यक्ष ताईंकडं दिली आहे.