मोठ्या संगणक कंपनीतील मुलाखत आणि नोकरी
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



मी अभियंता नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत लिपिक. तरीही या विषयावर उभा आहे, कारण शिरूर-दौंडची आपली मुले आज ज्या नोकऱ्यांसाठी अर्ज करतात त्या आपल्या घरांत पूर्वी कोणी पाहिल्या नव्हत्या. दौंडची कितीतरी घरे रेल्वेच्या पगारावर उभी राहिली. कोणी टपालात गेले, कोणी बँकेत. तेथे आरक्षण होते. खाजगी कंपनीत ते नाही. सरकारने १ जानेवारी २०१६ पासून केंद्रातील कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या, बँकांच्या लिपिक भरतीतूनही मुलाखत गेली. कंपनीत मात्र शेवटचा दरवाजा मुलाखतीचाच आहे, आणि आपली हुशार मुले तेथेच अडखळतात.

आधी कंपनी करते काय ते समजून घ्या. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस म्हणजे टीसीएस १९६८ साली मुंबईत सुरू झाली. इन्फोसिस १९८१ साली आपल्या पुण्यातच स्थापन झाली आणि पुढे बंगलोरला गेली. या कंपन्या दुसऱ्यांच्या कामासाठी संगणक प्रणाली तयार करतात आणि सांभाळतात. स्टेट बँकेची कोअर बँकिंग प्रणाली टीसीएसची, इतर अनेक बँकांत इन्फोसिसची फिनॅकल. पासपोर्ट सेवा केंद्रामागेही टीसीएसच आहे. म्हणजे कंपनी ग्राहकाला आपल्या माणसांचे ज्ञान आणि वेळ विकते. हे कळले की मुलाखतीत काय पाहतात तेही कळते: हा मुलगा ग्राहकासमोर बसवला तर नीट बोलेल का?

टीसीएसची एनक्यूटी नावाची चाचणी असते. गणित, इंग्रजी, तर्क आणि प्रोग्रॅम लिहिणे. ती अभियंते व एमसीएवाल्यांची वाट. बीएस्सी, बीसीएवाल्यांसाठी वेगळी भरती असते आणि बीए, बीकॉमवाल्यांना बीपीएस विभागात संधी असते. तेव्हा कला शाखेच्या मुलांनी हा विषय आपला नाही असे समजू नये.

चाचणीनंतर तांत्रिक, व्यवस्थापकीय आणि एचआर अशा मुलाखती होतात. कधी तिन्ही एकाच बैठकीत उरकतात. सर्वांत जास्त प्रश्न शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर येतात. येथे स्पष्ट बोलतो. पुण्यात तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. तो आणलेला मुलगा दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतो. त्यापेक्षा स्वतः केलेला साधा प्रोजेक्ट बरा, मग तो किराणा दुकानाच्या उधारीचा का असेना.

इंग्रजीची भीती मोठी आहे, पण तेथे वक्तृत्व मागत नाहीत. विषय समजला असेल तर छोटी वाक्ये पुरतात. डेटाबेसमधील ट्रॅन्झॅक्शन म्हणजे काय, असे विचारतात. मुले पुस्तकातली व्याख्या घोकून म्हणतात. आमच्या काउंटरवरचे उदाहरण द्या: एका खात्यात नावे, दुसऱ्यात जमा. मध्येच वीज गेली तर दोन्ही नोंदी रद्द झाल्या पाहिजेत, अर्धे काम राहता कामा नये. एवढे आपल्या शब्दांत सांगणाऱ्याला विषय कळला हे समोरच्याला लगेच दिसते. येत नसेल तर 'येत नाही' म्हणावे. थाप लगेच पकडतात. एचआरवाले विचारतात, बाहेरगावी जाल का, रात्रपाळी कराल का? याचे उत्तर घरी आई-वडिलांशी बोलून मगच द्यावे, विशेषतः मुलींच्या घरच्यांनी आधीच ठरवावे.

नोकरी लागली म्हणजे सारे संपले असे नाही. नव्या अभियंत्याचा पहिला पगार कित्येक वर्षे वर्षाला साडेतीन लाखांच्या आतबाहेरच राहिला आहे, आणि कपाती जाऊन हातात त्याहून कमी पडते. शिरूरहून जाताना खराडी आधी लागते, दौंडहून मगरपट्टा, पण हिंजवडी शहराच्या पलीकडे. रोज ये-जा जमणार नाही, खोलीचे भाडे धरूनच हिशेब करा. शिवाय 'बेंच' नावाचा प्रकार आहे. ग्राहकाचे काम हाती नसलेला माणूस बेंचवर बसतो. टीसीएसने २०२५ मध्ये नियम केला की वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर हवेत आणि बेंचवर ३५ दिवसांहून अधिक नको. त्याच वर्षी जुलैत सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. घाबरवण्यासाठी सांगत नाही. सरकारी नोकरीसारखी ही पक्की नाही, म्हणून पहिल्या पगारावर मोठे कर्ज काढू नका आणि नवे शिकणे थांबवू नका.

आता बँकवाला म्हणून एक सांगतो. मुलाला कंपनीत चिकटवतो म्हणणाऱ्याच्या खात्यावर पैसे भरायला पालक येतात. स्लिपवर कंपनीचे नाव नसते, कुणा व्यक्तीचे असते. या कंपन्या भरतीसाठी पैसे घेत नाहीत. स्लिप भरण्याआधी आम्हाला विचारा, आणि ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार द्या. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.