सात की साठ?

१९९६ सालची गोष्ट. आजोबांना शस्त्रक्रियेसाठी धुळ्याला नेले होते. तिथून काकांचा फोन आमच्या चोपडा तालुक्यातल्या गावी, शेजारच्या दुकानात आला. फोनवर इतकी खरखर, की वडिलांनी ऐकले, 'सात हजार आणा.' ते सात घेऊन गेले. हवे होते साठ! शस्त्रक्रिया दोन दिवस लांबली. आजोबा बरे झाले, पण ते दोन दिवस आमच्या घरात कोणी विसरले नाही.

तारेचा प्रकार आठवून पाहा. २०१३ च्या जुलैत ती बंद झाली. तिचा आकार शब्दागणिक, म्हणून लोक शब्द छाटीत. लग्नाच्या शुभेच्छांसाठी तर नुसता ८ हा आकडा दिला की पुरे. दीर्घ व सुखी वैवाहिक जीवन चिंतणारे अख्खे वाक्य पलीकडचा तारमास्तर लिहून देई. केवढी काटकसर! पण मोर्सच्या लिपीत ८ म्हणजे तीन रेघा नि दोन टिंबे, आणि ७ म्हणजे दोन रेघा नि तीन टिंबे. एका रेघेचे टिंब झाले, की शुभेच्छाच बदलली. मजकूर जितका आवळावा, तितकी एकेक चूक महाग पडते.

मग उपाय काय? थोडे जास्तीचे बोलायचे, पण हिशेबाने. गोंगाटातूनही, एका ठरावीक वेगाच्या आत, चुका हव्या तितक्या कमी करता येतात, हे अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली गणिताने दाखवले. १९५० साली रिचर्ड हॅमिंग यांनी शून्य-एकाच्या चार अंकांमागे तीन राखणदार अंक नेमले. प्रत्येकाची नजर चारांपैकी निराळ्या तिघांवर. कोणकोणता राखणदार ओरडला यावरून चुकलेला अंक नेमका सापडतो, आणि पुन्हा विचारावे लागत नाही.

धनादेशावर आपण रक्कम आकड्यांत लिहून पुन्हा अक्षरी लिहितो, ती याच जातीची. दोन्हींत फरक पडला तर १८८१ चा कायदा अक्षरांना प्रमाण मानतो. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. तो चूक ओळखतो, दुरुस्त मात्र करीत नाही.

आमच्या आजीने यातले काही वाचले नव्हते. पण त्या फोननंतर ती आकडा कधी एकदाच सांगेना. 'सात, म्हंजे पाच नि दोन. साठ, म्हंजे तीन विसा.' आम्ही पोरे हसायचो. पण कितीही खरखर असली, तरी 'तीन विसा'चे 'पाच नि दोन' कधी ऐकू आले नाही.